कमी पट

तीस सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत
मला एक आकडा कळवायचा असतो.
शाळेची कारकून मी, ओदील फेर्लां.
खिडकीबाहेर गहू कापून झालाय,
प्रेअरीभर, नजर थकेपर्यंत, नुसती धसकटं.

कॅनडाच्या संविधानातलं तेविसावं कलम
मला तोंडपाठ आहे.
फ्रेंच ज्यांची मातृभाषा, त्या नागरिकांच्या मुलांना
त्याच भाषेत शिकण्याचा हक्क.
कोर्टाने पुढे म्हटलं, शाळा चालवण्याचाही:
मास्तर कोण नेमायचे, पैसा कुठे घालायचा.
आणि कलमाच्या शेवटी, टाचेत मोडलेल्या काट्यासारखं,
'जिथे संख्या पुरेशी असेल तिथे'.

पुरेशी म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेलं नाही.
म्हणून मी मोजते.
गोवर आलेली पोरं मोजते,
आईबाप वेगळे झाले त्यांची अर्धी अर्धी नाही, अख्खी मोजते,
लाव्हॉइंच्या घरी अजून न जन्मलेलं
मनातल्या मनात मोजून ठेवते.

झेलिया आत्याच्या वेळी कलम नव्हतं.
इन्स्पेक्टरची मोटार धूळ उडवत दिसली
की व्याकरणाचं पुस्तक लाकडांच्या पेटीत,
वर दोन ओंडके,
आणि सगळा वर्ग एका सुरात इंग्रजी पाढे.
एकदा घाईत ते शेगडीतच गेलं.
आत्या म्हणायची, म्हणून माझी क्रियापदं
अजून कडेला करपलेली आहेत.

मग आमचा खटला. नऊ वर्षं.
वकिलाची फी आम्ही मटाराच्या सूपवर आणि लॉटरीवर काढली.
निकाल लागला त्या रात्री
फिलियास गोदेने टोपी काढली, म्हणाला,
"मंडळी, आता बॉयलर फुटला
तर तोही आपलाच."
त्या हिवाळ्यात फुटला.
मंत्रालयाला फोन न करता
त्यानेच तो रात्रभर बसून सांधला.

यंदा पट एकतीस.
आणि एक मेरवेय कालोंजी, वय नऊ,
लुबुंबाशीहून आलेली; बाप डुकरांच्या कत्तलखान्यात.
नावाचा अर्थ नवल.
तिची फ्रेंच अशी, की आमच्या मास्तरीणबाई
तिच्यासमोर जरा सावरून बोलतात.
पण कागदावर ती अजून नागरिकाची मुलगी नाही,
म्हणजे कलमात बसत नाही.
मंत्रालयाने कळवलं: अशा प्रवेशाला
आमची परवानगी लागेल.

काल मंडळाची बैठक.
नॉर्मांद ब्रुनो म्हणाली, "आज एक, उद्या चाळीस.
मग ही शाळा कुणाची?"
कुणी उत्तर दिलं नाही.
फिलियासचा नातू मधल्या सुट्टीत इंग्रजीत भांडतो,
इंग्रजीतच रडतो,
हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि
कुणी तेही बोललं नाही.
मला तिथे मत नसतं. मी इतिवृत्त लिहिते.
लिहिताना हात थांबला एवढंच.
चार विरुद्ध तीन.
घ्यायची ठरली, परवानगी न मागता.
आपली शाळा, तर दारही आपलंच,
असं फिलियास म्हणाला,
आणि मग बराच वेळ खोकला.

आता पावणेतीन.
अर्जावर आकड्यापुरतीच चौकट आहे,
नावाला जागा नाही, कारणाला तर नाहीच.
मी लिहिते: बत्तीस.
तीनाचा आकडा जरा जास्तच दाबला जातो.

दारावर टकटक. तीच.
"मादाम, बाईंनी खडू मागितलेत."
मी पेटी काढून देते.
ती तिथेच उभी राहून खडू मोजते,
दोन तुटलेले बाजूला काढते,
मला विचारते,
"हे धरायचे का?"